बाळ रडले नाही, तर नाळेच्या रक्ताची नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळ जन्मताच रडले नाही, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि आता त्याला कायमचे अपंगत्व आले, अशा आशयाच्या बातम्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर अधूनमधून येत असतात. नातेवाइकांचा आरोप, रुग्णालयाचा खुलासा आणि चौकशी समितीची घोषणा हे तिन्ही त्या बातमीत असते. मात्र ज्या आकड्यामुळे या वादाचा निम्मा भाग तरी निकालात निघू शकतो, तो आकडा तिथे जवळपास कधीच नसतो. तो आकडा म्हणजे जन्माच्या क्षणी बाळाच्या नाळेतील धमनीच्या रक्ताचा पीएच, म्हणजे रक्तातील आम्लतेचे माप; पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त. बातमीदार तो विचारत नाहीत, पालकांना त्याची कल्पना नसते आणि पुष्कळ ठिकाणी तो मोजलेलाच नसतो. नवजात बाळांवर उपचार करणारा डॉक्टर या नात्याने माझी मागणी साधी आहे: जन्मल्यावर श्वास घेण्यासाठी ज्या बाळाला मदत लागली, त्या प्रत्येक बाळाच्या नाळेच्या रक्ताची तपासणी व्हावी, तिचा निकाल केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिला जावा आणि तो आई-वडिलांना नीट समजावून सांगितला जावा.

पोटातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, आणि त्याच्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड आईच्या रक्तात जातो तोही वारेतूनच. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या असतात. शिरेतून वारेकडचे शुद्ध रक्त बाळाकडे येते, तर धमन्यांतून बाळाच्या अंगभर फिरून आलेले रक्त वारेकडे परत जाते. म्हणून बाळाची खरी अवस्था धमनीच्या रक्तात दिसते, शिरेच्या नव्हे. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि वारेकडे येणारा आईचा रक्तप्रवाह काही क्षण अडतो. निरोगी बाळ हे सोसते, कारण दोन कळांच्या मधल्या विसाव्यात तूट भरून निघते. हा विसावा अपुरा पडला, नाळ दबली, वार वेळेआधी सुटली किंवा आधीच्या सिझेरियनच्या टाक्यांवर गर्भाशय फाटले, तर आधी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मग प्राणवायूविना ऊर्जा मिळवण्याच्या धडपडीत पेशींमध्ये लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागते. कार्बन डायऑक्साइडमुळे आलेली आम्लता बाळाने चांगला श्वास घेतला की काही मिनिटांत ओसरते. लॅक्टिक आम्लाची आम्लता मात्र रेंगाळते, आणि शरीराच्या पेशी किती वेळ उपाशी राहिल्या याचा अंदाज तिच्यावरून येतो. तपासणीच्या अहवालात पीएचच्या शेजारी ‘बेस डेफिसिट’ नावाचा दुसरा आकडा छापलेला असतो, तो या दुसऱ्या आम्लतेचे माप असतो. तो न पाहता नुसत्या पीएचवर निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

नाळेच्या धमनीतील पीएच सर्वसाधारणपणे ७.२७ च्या आसपास असतो. तो ७.०० च्या खाली गेला आणि बेस डेफिसिट १२ किंवा त्याहून अधिक असला, तर ती मेंदूला धोका पोहोचवू शकणारी आम्लता समजतात. १९९९ मध्ये सेरेब्रल पाल्सीविषयी (मेंदूतील इजेमुळे किंवा बिघाडामुळे हालचालींत येणारे कायमचे अपंगत्व) आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडलेल्या निकषांमध्येही हेच आकडे होते. ७.२७ आणि ७.०० यांत फारसे अंतर नाही असे कोणाला वाटेल. पण ही मोजपट्टी सरळ रेषेची नाही. पीएच ०.३ ने घसरला की रक्तातील आम्लाचे प्रमाण दुप्पट होते. म्हणजे ७.३ वरून ७.० वर आलेल्या बाळाच्या रक्तात दुप्पट आम्ल असते आणि ६.७ पर्यंत घसरलेल्या बाळाच्या रक्तात चौपट.

आता प्रश्न असा, की या आकड्यावरून त्या मुलाचे पुढचे आयुष्य सांगता येते का? येथे मला डॉक्टर आणि पालक या दोघांनाही सावध करावेसे वाटते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१० साली ५१ अभ्यास आणि ४,८१,७५३ बाळांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. नाळेचा पीएच कमी असणे आणि नवजात मृत्यू, मेंदूचा तीव्र आजार व पुढे सेरेब्रल पाल्सी यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. मृत्यूच्या बाबतीत तो अतिशय घट्ट होता, सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत मात्र बराच सैल. ऑक्सफर्डमधील सलग ५१,५१९ नमुन्यांच्या अभ्यासात ७.२६ ते ७.३० हा पीएच सर्वांत सुरक्षित आढळला आणि ७.१० च्या खाली धोका वाढू लागलेला दिसला, परंतु ७.०० च्या खाली गेलेल्या बाळांपैकीही बहुसंख्य बाळे पुढे मेंदूच्या दृष्टीने ठणठणीत निघाली. त्याच अभ्यासातली तितकीच महत्त्वाची दुसरी बाब अशी, की मेंदूचा त्रास झालेल्या बहुतेक बाळांचा पीएच ७.१० पेक्षा वर होता. कॅनडातील लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बेस डेफिसिटच्या पायऱ्या करून पाहिल्या, तेव्हा १२ ते १६ या पायरीवरच्या सुमारे १० टक्के बाळांना आणि १६ च्या पुढच्या सुमारे ४० टक्के बाळांना मध्यम किंवा गंभीर गुंतागुंत झाली होती. उरलेल्यांना झाली नाही. अतिदक्षता कक्षाच्या दाराशी उभ्या असलेल्या बापाला ‘पीएच ६.९ आहे, आता काही खरे नाही’ असे सांगणारा डॉक्टर त्याला जे सांगतो, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

मेंदूचे काय होणार हे ठरते ते आम्लता किती खोल गेली, किती वेळ टिकली, ती एका झटक्यात आली की हळूहळू वाढत गेली आणि बाळाची आधीची शिदोरी कशी होती, या सगळ्यांवर. वार अचानक सुटली किंवा नाळ बाहेर घसरली, तर रक्तपुरवठा जवळजवळ पूर्ण तुटतो आणि मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया व थॅलॅमस या भागांना इजा होते. अशी मुले पुढे हातापायांच्या अनैच्छिक हालचालींनी त्रासलेली असतात, पण त्यांतल्या अनेकांची समज शाबूत असते. रक्तपुरवठा तासन्‌तास अर्धवट राहिला, तर मेंदूच्या बाह्य भागाला आणि पांढऱ्या भागाला मार बसतो व त्याचा परिणाम समज, भाषा आणि दृष्टीवर अधिक दिसतो. गर्भातच वाढ खुंटलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला तुलनेने सौम्य आम्लताही जड जाते.

मुलाचे अपंगत्व जन्मावेळच्या गुदमरण्यानेच येते का, या वादाला दीड शतकाहून मोठा इतिहास आहे. विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचून मुलांच्या हातापायांच्या ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपणाशी आणि जन्मावेळच्या गुदमरण्याशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, जे तेव्हा मज्जासंस्थेच्या आजारांचे अभ्यासक होते, उलटा प्रश्न विचारला: अवघड बाळंतपण हे कारण आहे, की बाळात आधीपासूनच असलेल्या बिघाडाचे ते एक लक्षण आहे? १९८६ मध्ये अमेरिकेतील नेल्सन आणि एलनबर्ग यांच्या मोठ्या अभ्यासाने फ्रॉइड यांच्या शंकेला बळ दिले. आज श्रीमंत देशांमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मुलांमध्येच जन्मावेळचे गुदमरणे हे कारण मानले जाते. बाकीच्यांत अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातील संसर्ग, मेंदूच्या रक्तवाहिनीतील रक्ताची गुठळी, जनुकीय दोष अशी कारणे निघतात.

भारतातील दवाखान्यांमधून प्रसिद्ध होणारे प्रमाण याहून बरेच मोठे असते. त्यात तथ्य निश्चित आहे, कारण आपल्याकडच्या लेबर रूमची अवस्था आपल्याला ठाऊक आहे. पण त्या आकड्यांचा पाया काय? बहुतेक वेळा आईने दोन वर्षांनंतर सांगितलेली ‘बाळ लगेच रडले नव्हते’ एवढीच हकिगत. न रडण्याची कारणे अनेक असतात: आईला दिलेले गुंगीचे औषध, बाळाला झालेला संसर्ग, स्नायूंचा जन्मजात आजार, किंवा मेंदूची घडणच मुळात वेगळी असणे. जन्मानंतर रक्तातील साखर घसरली आणि कोणी पाहिली नाही, किंवा कावीळ मेंदूपर्यंत पोहोचली, तरीही मूल अपंग होते, आणि या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. या सर्वांची वेगवेगळी वर्गवारी करायची तर जन्मावेळचा पीएच हाती हवा. तो नसल्यामुळे आपल्या राज्यात प्रसूतीच्या काळात किती मुलांच्या मेंदूला इजा होते, हे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग ते कमी करण्याचे उद्दिष्ट कशाच्या जोरावर ठरवणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या आणि २५.४ टक्के सिझेरियनने झाल्या. घरी बाळंतपण होत असल्याने तपासणी शक्य नाही, ही सबब उरलेली नाही. तपासणीची कृतीही अवघड नाही. बाळाला वेगळे केल्यावर नाळेचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांना चिमटे लावून बाजूला ठेवायचा. आधी बाळाकडे धावायचे, ते स्थिरावले की हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) लावलेल्या सिरिंजने धमनीतून थोडे रक्त ओढून यंत्रात द्यायचे. असा बंद केलेला तुकडा साध्या तापमानालाही तासभर चालतो, त्यामुळे एका सिस्टरच्या हातून दोन कामे कशी होणार, हा आक्षेप टिकत नाही. जमल्यास शिरेचा नमुनाही घ्यावा. दोन्ही आकडे वेगळे आले तर धमनीचा नमुना खरोखर धमनीचाच आहे याची खात्री पटते. मी पाहिलेल्या अहवालांमध्ये ही गफलत वरचेवर आढळते: शीर जाड आणि सोपी असल्यामुळे रक्त तिच्यातून घेतले जाते, पीएच बरा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथे रक्तवायू मोजणारे यंत्र बहुधा असतेच; प्रश्न आहे तो ते लेबर रूमच्या उपयोगी आणण्याचा, रात्री दोन वाजता त्याच्या खोलीला कुलूप नसण्याचा आणि त्याची कार्ट्रिज संपलेली नसण्याचा.

तपासणीचा तातडीचा उपयोग उपचारासाठी आहे. प्राणवायू तुटल्यानंतर मेंदूच्या पेशी एका दमात मरत नाहीत. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर सुमारे सहा तासांचा एक काळ असतो, ज्यात पेशी सावरल्यासारख्या दिसतात, आणि त्यानंतर दुसरा, अधिक घातक ऊर्जाऱ्हास सुरू होतो. या सहा तासांच्या आत बाळाचे शरीर ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ७२ तास तसेच ठेवले, तर मृत्यू आणि गंभीर अपंगत्व कमी होते, हे २००५ पासून पाश्चात्त्य देशांतील चाचण्यांनी दाखवले. दर सात बाळांना थंडावा दिला तर एक बाळ वाचते किंवा अपंगत्वातून सुटते, असा त्याचा हिशेब निघाला. साहजिकच आपल्याकडेही थंडाव्याच्या गाद्या आणि यंत्रे आली, आणि मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांच्या फलकांवर त्यांचे नावही झळकू लागले.

पण याच उपचाराची ‘हेलिक्स’ ही चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या रुग्णालयांत झाली, ज्यांत मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होते. ४०८ बाळांच्या या चाचणीचा २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. थंडाव्याने मृत्यू किंवा अपंगत्व यांत घट झाली नाहीच. उलट थंडावा दिलेल्या १९८ बाळांपैकी ८४ दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या २०३ पैकी ६३. दुसऱ्या बाजूला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील ५० बाळांच्या लहान अभ्यासात थंडावा दिलेल्या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूची इजा कमी दिसली होती. या दोन निष्कर्षांत फरक का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पाश्चात्त्य चाचण्यांत बाळ निवडताना पीएच किंवा बेस डेफिसिट हा पहिल्या गाळणीचा भाग होता. हेलिक्समध्ये बाळांची निवड पाच मिनिटांनंतरही लागणारी श्वासाची मदत, अपगार गुण (जन्मताच बाळाचा श्वास, ठोके, रंग आणि हालचाल पाहून दिले जाणारे गुण) आणि मेंदूच्या आजाराची लक्षणे यांवर झाली, कारण आपल्याकडे नाळेच्या रक्ताची तपासणी नेमाने होत नाही. हेलिक्समधील बाळांच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागाची इजा अधिक दिसली. याचा एक अर्थ असा लावला गेला, की अनेक बाळांच्या मेंदूला मार जन्माच्या क्षणी नव्हे, तर त्याच्या बराच आधीपासून बसत होता. तसे असेल तर सहा तासांचे घड्याळ जन्मापासून लावण्यालाच अर्थ उरत नाही, आणि आपल्या बाळांसाठी खरी लढाई पाळण्याशेजारच्या यंत्रात नसून लेबर रूममध्ये आहे.

लेबर रूममध्ये काय व्हायला हवे, यात गूढ असे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाचे ठोके कळांच्या पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि आई जोर लावत असताना दर पाच मिनिटांनी, किमान पूर्ण एक मिनिट, कळेच्या दरम्यान आणि कळ ओसरल्यावरही ऐकले पाहिजेत. एका पाळीत एकच सिस्टर आणि चार-चार बायका कळा देत असतील, तर दर पाच मिनिटांनी कोण ऐकणार? सलग ठोके टिपणारे यंत्र हे त्यावरचे उत्तर वाटते, पण त्या यंत्राचा अनुभव संमिश्र आहे: अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात नवजात बाळांच्या झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, सेरेब्रल पाल्सी कमी झाली नाही आणि सिझेरियन वाढली. कळा वाढवण्याच्या ऑक्सिटोसिनचे थेंब मोजून न सोडणे, ते सुरू असताना ठोके न ऐकणे आणि बाळ लवकर बाहेर यावे म्हणून आईच्या पोटावर कोपराने दाब देणे हे प्रकार अजूनही चालतात. दोन कळांमधला जो विसावा मी वर सांगितला, तो नेमका यांमुळे हिरावला जातो. ज्या रुग्णालयात दर महिन्याला ७.१० च्या खालच्या प्रत्येक पीएचची फाईल उघडून त्या बाळंतपणाचे शेवटचे दोन तास डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून पाहतात, तिथे या सवयी आपोआप उघड्या पडतात. केंद्र सरकारचा ‘लक्ष्य’ हा प्रसूतिगृहांच्या गुणवत्तेचा कार्यक्रम २०१७ पासून सुरू आहे; त्याच्या तपासणी यादीत स्वच्छतेपासून पडद्यांपर्यंत पुष्कळ काही पाहिले जाते, तेव्हा हा एक आकडा त्यात ठळकपणे यावा, अशी माझी सूचना आहे.

जन्मानंतरचे पहिले मिनिट हा दुसरा मुद्दा, आणि तिथे महाराष्ट्राने देशाला शिकवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना बॅग आणि मास्कने गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवले, आणि त्या गावांतील गुदमरून होणारे नवजात मृत्यू लक्षणीय घटले. देशभर २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमातून परिचारिकांना हेच प्रशिक्षण दिले जाते. प्रशिक्षण होते, प्रमाणपत्र मिळते आणि सहा महिन्यांत हात विसरतो. पुतळ्यावरचा सराव दर महिन्याला झाला नाही तर या प्रशिक्षणाचा उपयोग नाही. अपगार गुणांचीही तीच कथा. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही गुणपद्धती उत्तम आहे, पण आपल्याकडे ते गुण धावपळ ओसरल्यावर अंदाजपंचे भरले जातात, आणि ‘१ मिनिटाला ७, ५ मिनिटांना ९’ अशी नोंद असलेले बाळ दोन तासांनी झटके देत अतिदक्षता कक्षात येते. यंत्रातून छापून आलेला पीएच असा आठवून भरता येत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंचा आक्षेप मला माहीत आहे: हा आकडा लिहून ठेवला की उद्या ग्राहक आयोगात तो आमच्याच विरुद्ध वापरला जाईल. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून ही धास्ती आहे आणि ती निराधार नाही. तरीही हा हिशेब चुकतो आहे. पीएच ७.२५ आला, तर बाळाच्या मेंदूचा आजार प्रसूतीच्या काळातील गुदमरण्याने झाला नसण्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा असतो. इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याही कागदाने मिळत नाही. पीएच ६.९ आला, तरी त्यातून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. वार अचानक सुटली आणि वीस मिनिटांत सिझेरियन झाले, तरी पीएच तितका खाली जाऊ शकतो, आणि तेव्हा ठोक्यांच्या व वेळांच्या नोंदी डॉक्टरच्या बाजूने बोलतात. ज्याच्याकडे कोणतीच नोंद नाही, त्याच्याविषयी मात्र नातेवाईक सर्वांत वाईट तेच गृहीत धरतात. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे; पण हल्ल्याच्या आधीचे जे दोन तास कोणी काही सांगत नाही म्हणून तापत जातात, त्यांवर कायद्याचा इलाज नाही. आणि खरोखर चूक झाली असेल, तर ती कळण्याचा हक्क त्या आई-वडिलांना आहे, हेही आपण डॉक्टरांनी मान्य केले पाहिजे.

शेवटचा मुद्दा जगलेल्या मुलांचा. आपल्याकडे बालमृत्यूंचे अन्वेषण होते, त्याचे तक्ते भरले जातात. गुदमरलेले बाळ दहा दिवसांनी दूध ओढू लागले की ते ‘बरे होऊन घरी’ या रकान्यात जाते आणि आपल्या नजरेतून सुटते. पुढच्या दोन वर्षांत त्याचे काय झाले, हे त्याला वाचवणाऱ्या कक्षाला बहुधा कळतही नाही. मूल मान धरत नाही, मुठी आवळलेल्याच ठेवते, एकाच हाताने वस्तू पकडते, हे आईच्या तीन-चार महिन्यांतच लक्षात येते. पण ‘काही मुले उशिरा करतात’ असे घरातले, शेजारचे आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही सांगत राहतात, आणि ज्या काळात मेंदू सर्वाधिक घडता येण्याजोगा असतो तो काळ निघून जातो. आम्लता झालेल्या बाळाच्या कार्डावर जर तो आकडा आणि ‘तीन, सहा, नऊ, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांना विकासाची तपासणी, ऐकण्याची व दृष्टीची तपासणी’ एवढे लिहिलेले असेल, तर घरी येणाऱ्या आशाताईला कोणते बाळ पुन्हा पुन्हा पाहायचे ते समजेल. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. तिथे फिजिओथेरपी, वाचा आणि श्रवण यांची सोय अपेक्षित आहे. ज्यांना या केंद्राची सर्वाधिक गरज आहे, ती मुले तिथे दीड-दोन वर्षांची झाल्यावर पोहोचतात. शेतमजुरी करणाऱ्या आईने आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याच्या गावी यावे, ही अपेक्षाही व्यवहाराला धरून नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी थेरपिस्ट येणे हा त्यावरचा मार्ग आहे.

ज्या ठिकाणी रक्तवायूचे यंत्र खरोखरच नाही, तिथे निदान पुढील नोंदी घड्याळ पाहून व्हाव्यात: पहिला श्वास कोणत्या मिनिटाला, बॅग-मास्क किती मिनिटे, पाच आणि दहा मिनिटांचे अपगार गुण, पहिल्या सहा तासांतील बाळाची शुद्ध, हालचाल आणि स्नायूंचा ताठरपणा किंवा सैलपणा, झटके आले असल्यास पहिल्या झटक्याची वेळ, आणि रक्तातील साखर. बाळ दुसरीकडे हलवायचे ठरले, तर त्याच्याबरोबर १०८ च्या रुग्णवाहिकेत हा कागद जावा. पोचलेल्या ठिकाणी जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाच्याच रक्ताचा नमुना घेता आला, तर तोही नाळेच्या नमुन्याच्या जागी बराच उपयोगी पडतो.

कागद जपण्याविषयीही एक दुरुस्ती आवश्यक आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. सेरेब्रल पाल्सीचे निश्चित निदान आपल्याकडे बऱ्याचदा दुसऱ्या वर्षानंतर होते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शाळेतील सवलती आणि पुढच्या गरोदरपणातील सल्ला यांसाठी जन्माची कागदपत्रे लागतात ती त्यानंतर. तोवर फाईल रद्दीत गेलेली असते. गंभीर आम्लता किंवा मेंदूचा आजार झालेल्या नवजात बाळाची व त्याच्या आईची प्रसूतीची कागदपत्रे किमान मूल शाळेत स्थिरावेपर्यंत जपण्याचे बंधन राज्याच्या आरोग्य विभागाने एका परिपत्रकाने घालावे, आणि त्यांची एक प्रत कोणी न मागता डिस्चार्जच्या दिवशीच आईच्या हातात द्यावी.

आपला,
एक नवजात शिशुतज्ज्ञ